चुंबक जिथे चिकटलं

१

दर गुरुवारी सकाळी साडेआठला मी मेबलला पिकअपच्या मागच्या सीटवर बांधते आणि एकशे साठ मैल गाडी हाकत बिलिंग्ज शहराला जाते. तिथल्या दवाखान्यात एक नर्स तिचे सगळे कपडे उतरवते, डायपरसुद्धा, तिला काट्यावर ठेवते आणि आकडा लिहून घेते. मग मी एकशे साठ मैल परत येते. या उन्हाळ्यात माझं सगळं आयुष्य त्या एका आकड्यात मावत होतं.

मेबल सात महिन्यांची होती आणि एप्रिलपासून तिचं वजन वाढत नव्हतं.

एप्रिलमध्येच आम्ही ही पिकअप घेतली होती, दुसऱ्या हातची, शेजारच्या जिल्ह्यातल्या लिलावातून. चार दारांची, आत कौटुंबिक गाडीसारखी, बाहेरून धुळीच्या रंगाची. तेव्हा या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहायचं मला सुचलं नाही. मी आठवीला विज्ञान शिकवते. दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या म्हणून त्यांचा संबंध असतो असं नाही, हे मी दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून देते.

मेबलला गाडीत माणसांचे आवाज लागतात. गाणी चालत नाहीत. माझा आवाज तर अजिबात चालत नाही, हे मी मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलंय. रेडिओवर कुणीतरी बोलत असलं की ती गप्प असते. पण आमच्या गावाचं स्टेशन तिसाव्या मैलाला, धान्याच्या कोठारांच्या पुढे गेलं की मरतं. उरलेल्या वाटेवर नुसती खरखर, आणि त्यावर मेबल. बाळाच्या सीटचं तोंड मागे असतं, त्यामुळे मला ती दिसायचीही नाही. मागच्या गादीला एक छोटा आरसा बांधलेला होता, त्यात तिचं लालभडक तोंड तेवढं.

टकर, माझा नवरा, म्हणाला, "सॅटेलाइट रेडिओ घेऊन टाक ना. तो वरून येतो, त्याला गाव लागत नाही."

टकरची कापणी सुरू होणार होती. त्याला माझ्याबरोबर यायला एकही गुरुवार मोकळा नव्हता, आणि त्या अपराधीपणात त्यानं मला वाटेल तो रेडिओ घेऊ दिला असता.

२

मी तीन आठवडे अँटेना वाचल्या. हसू नका. रात्रभर न झोपणाऱ्या बाईला कशाचाही अभ्यास करता येतो.

रेडिओचा डबा छोटा, डॅशबोर्डवर चिकटवायचा. त्यात निवडण्यासारखं काही नसतं. सगळं असतं अँटेनात. एक प्रकार काचेला आतून चिकटवायचा, तो कमजोर. एक टपाला भोक पाडून बसवायचा, तो सर्वांत चांगला. पण टकर म्हणाला, भोक म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे गंज. तिसरा चुंबकवाला. काड्यापेटीएवढा काळा ठोकळा, खाली चुंबक, मागे वीस फूट बारीक वायर. धातूच्या टपावर ठेवायचा, कडेपासून वीतभर आत, वर आकाश मोकळं हवं. मी चुंबकवाला निवडला.

शनिवारी दुपारी टकरनं तो टपावर ठेवला. ठोकळा सावकाश घसरत पुढच्या काचेवरून बॉनेटवर आला आणि मातीत पडला.

आमच्या पिकअपचं अंग ॲल्युमिनियमचं आहे.

ही चूक आमच्याकडे सगळेच करतात. नवी पिकअप आली की शाळेच्या फुटबॉल संघाचं चुंबकी चित्र दारावर लावायला जातात, ते खाली पडतं आणि शेजारी हसतात. पण आठवीला चुंबक शिकवणाऱ्या बाईनं, तीन आठवडे वाचून, ती करावी!

माझी सासू लोरेन पायरीवर बसून शेंगा सोलत होती. तिला तर पर्वणीच.

"ब्रिटा, तीन आठवडे वाचत होतीस ना गं? आता नापास कुणाला करायचं?"

"मला करा, लोरेन. तुमच्याकडे आहेच ती यादी."

टकर मात्र हट्टाला पेटला. ठोकळा हातात धरून तो अख्ख्या टपावरून फिरवत होता, पोरं पाटीवरून ओलं फडकं फिरवतात तसा. "कुठे ना कुठे लागेलच," म्हणत होता. आणि लागला. उजव्या मागच्या दाराच्या वर, कडेपासून वीतभर आत. टकरनं हात काढला तरी ठोकळा जागचा हलला नाही.

"झालं, मास्तरीणबाई! तुमचं विज्ञान हरलं."

लोखंडाला चुंबक लागतं तेव्हा 'टक्' असा आवाज होतो. वर्गात मी तो शंभर वेळा ऐकलाय. इथे आवाज वेगळा आला होता. मऊ आणि ओला.

मी घरात जाऊन फ्रिजवरचं मासोळीचं चुंबक आणलं आणि स्टुलावर चढून तपासलं. तळहाताएवढ्या एका गोल जागेत ते चिकटत होतं, त्याबाहेर नाही. मग मी स्वतःला समजावलं: आतून लोखंडी पट्टी असणार. ॲल्युमिनियम चुंबकाला धरत नाही, पण अडवतही नाही. ओढ आरपार जाते. उत्तर बरोबर होतं, पैकीच्या पैकी गुण. मी जवळजवळ एक तास समाधानी होते.

त्या जागेच्या नेमकं खाली मेबलची सीट होती.

३

वायर आत न्यायला आम्ही व्हर्जिलकडे गेलो. त्याचं गॅरेज गावात, सत्तरीचा माणूस; जिल्ह्यातल्या प्रत्येक ट्रॅक्टरचा रेडिओ त्याच्याच हातचा. त्यानं टपावरचा ठोकळा पाहिला आणि बोटानं ढकलून बघितला.

"हा इथे कसा राहिला?"

"आत लोखंडी पट्टी असेल," मी म्हटलं.

"नाही पोरी. या मॉडेलची दहा-बारा छतं उतरवलीत मी. आत फोम आणि अस्तर. बास." त्यानं कान खाजवला. "मी सांगू? मी एक लोखंडी चकती गोंदानं मधोमध चिकटवतो, त्यावर हा बसव. ॲल्युमिनियमवाल्यांना सगळ्यांना तेच करून देतो. गोंद वाळायला एक दिवस गाडी इथे राहील."

टकरला एक दिवस नव्हता. "अरे व्हर्जिल, लागलाय ना तो? मग लागलेल्याला कशाला हलवायचं?"

आणि मी, तीन आठवडे वाचलेली मी, गप्प बसले. टकरच्या नजरेत मी आधीच खूप चिंता करणारी बाई होते. दिवसाला एकच चिंता मांडायची असा मी नियम केला होता, आणि त्या दिवशीची मी नाश्त्यालाच खर्चून बसले होते.

व्हर्जिलनं वायर दाराच्या रबराखालून आत घेतली. छताच्या अस्तराची कड जराशी खाली ओढून त्यानं मनगटापर्यंत हात आत घातला. आणि तसाच थांबला.

"दूध सांडलं होतं का गाडीत?"

"छताला?" टकर हसला.

व्हर्जिल हसला नाही. त्यानं हात बाहेर काढला. बोटं चकाकत होती. तो काही बोलणार तेवढ्यात तो वास माझ्यापर्यंत आला. नासलेल्या दुधाचा असता तर मला काही वाटलं नसतं. माझ्या सगळ्या कपड्यांना तोच येतो. हा कोमट होता. बाळाच्या मानेच्या वळीत, जिथे पुसायचं राहून जातं, तिथे साचतो तसा. मी मेबलला खांद्यावर घेऊन दारात जाऊन उभी राहिले.

वायर त्यानं पूर्ण टाकली. मधल्या खांबातून खाली, उंबऱ्याच्या पट्टीखालून पुढे, रेडिओपर्यंत. सुबक काम. एक इंचही दिसत नव्हती. मग तो मोरीवर गेला आणि खरखरीत नारिंगी साबणानं हात धुतले. पुसले, हुंगले, पुन्हा धुतले. तिसऱ्यांदाही.

"उंदीर असतील," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "घरटं ओलं असतं त्यांचं."

४

रेडिओ अप्रतिम चालला.

मला एक वाहिनी सापडली, तिथे एक बाई दिवसभर बागकामावर लोकांचे फोन घेते. कुणाच्या टोमॅटोची बुडं काळी पडलीत, कुणाच्या काकड्या कडू. मेबल पहिल्या मिनिटाला गप्प झाली आणि एकशे साठ मैल गप्प राहिली. मी रडले. आनंदानंच.

शिवाय ती प्यायला लागली. घरी बाटली समोर धरली की मान फिरवायची. गाडीत बसवली की दोन्ही हात पुढे. चालत्या गाडीत बाळाच्या हातात बाटली देऊ नये, मला ठाऊक आहे. पण सहा औंस भरलेली बाटली मी तिच्या हातात द्यायचे आणि पोचेपर्यंत ती रिकामी असायची. शेवटच्या थेंबापर्यंत. मग मी घरीही तेच सुरू केलं. दिवसातून चार वेळा अंगणात उभ्या पिकअपमध्ये तिला बांधायचं, रेडिओ लावायचा, बाटली द्यायची. मी पुढच्या सीटवर पंप लावून पुढची बाटली भरत बसायचे. मशीन घुर्र घुर्र करायचं, बाई टोमॅटोबद्दल बोलायची, आणि मागे बाटली रिकामी व्हायची.

"पोरगी गाडीतच कॉलेजला जाणार बघ," लोरेन म्हणायची. ती गाडीच्या दाराशी आली की नाक दाबायची. "आणि आधी या गाडीत काय मेलंय ते शोधा."

पुढच्या गुरुवारी मेबल काट्यावर पाच औंसांनी कमी भरली.

नर्सनं काटा शून्यावर आणून पुन्हा तोललं. आकडा तोच.

"दिवसाला किती पिते?"

"चोवीस औंस. जास्तच. संपवते."

"ओकते?"

"नाही."

"डायपर ओले होतात ना?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. नर्सनं नुकताच सोडलेला डायपर समोर पडला होता. वाटेत सहा औंस प्यालेल्या बाळाचा, अडीच तासांपूर्वी बांधलेला. कोरडा ठणठणीत.

डॉक्टरीण चांगली होती, आवाज न चढवणारी. "अजून एक आठवडा बघू. वाढ दिसली नाही तर ठेवून घेऊ, आणि नाकातून नळी घालून पाजू." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "आणि तुमची झोप? घरी मदतीला कुणी असतं?"

असं विचारतात तेव्हा तो प्रश्न बाळाबद्दल नसतो, हे मला कळतं.

५

सोमवारी गारपिटीचा अंदाज होता म्हणून टकरनं पिकअप यंत्रांच्या शेडमध्ये लावली. ही शेड म्हणजे अर्धगोल पत्र्याचा बोगदा; भिंती, छप्पर सगळं एकच पत्रा. आत फोनसुद्धा लागत नाही.

मी सवयीनं मेबलला बांधलं, बाटली दिली, रेडिओ लावला. बाई कुणाला तरी गुलाब छाटायला सांगत होती. मी पंप जोडला आणि दोन मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की रेडिओ चालू आहे.

तो चालू असायला नको होता. वर आकाश मोकळं हवं, हे मी तीन आठवडे वाचलं होतं. रस्त्यावर एखादा पूल आडवा आला तरी बाई अर्ध्या शब्दात तुटायची. आणि इथे पत्र्याच्या पोटात सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या.

मी पंप बंद केला. आता शांतता होती, आणि बाई कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहत थांबली होती. त्या रिकाम्या जागेत रेडिओतून आवाज आला.

घट्. घट्. घट्.

सॅटेलाइट रेडिओत खरखर नसते. तो असतो किंवा नसतो. मधलं काही नसतंच. मी पुढे वाकून कान लावला. गिळण्याचा आवाज होता. घाईघाईनं, नाकानं श्वास घेत, मध्येच दमून थांबत. हा आवाज कुठलीही आई झोपेतून ओळखते. तान्ह्या बाळाचा होता, पण घसा मोठा होता.

मी मागचं दार उघडून मेबलला सीटवरून उचललं. रेडिओ गप्प. पडद्यावर 'सिग्नल शोधत आहे'. तिला परत ठेवलं, तर बाई: "...आणि राख घाला मुळांशी." उचललं, गप्प. ठेवलं, "...पाणी मात्र सकाळीच." प्रयोग तीनदा करावा असं मीच शिकवते.

"काय गं, पोरीची लिफ्ट केलीस का?" शेडच्या दारात लोरेन उभी होती, कमरेवर हात.

"रेडिओ तपासत होते."

"तिला उचलून?" तिच्या आवाजातली थट्टा हळूहळू विरली. "ब्रिटा, आत चल. मी धरते तिला. तू जरा पड."

मी मेबलला तिच्या हातात दिलं. निघताना वर नजर गेली. सीटच्या वरचं अस्तर थोडं लोंबत होतं. तापलेल्या दुधावर साय धरते आणि चमच्यानं उचलली की मध्ये पोट काढते, तसं. मला लहानपणापासून साय बघवत नाही. मी शेडच्या मागे जाऊन ओकले.

संध्याकाळी टकरला सांगितलं. सगळं नाही, वासाचं आणि रेडिओचं. त्यानं माझा हात हातात घेतला, आणि तिथेच माझी आशा संपली. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

"कापणी झाली की अस्तर बदलून घेऊ. शपथ. पण तू डॉक्टरांशी बोलशील? तुझ्याबद्दल?"

६

गुरुवार आला. दुसरी गाडी नव्हती. धान्याचा ट्रक लोरेन चालवत होती. जायचं नाही असंही करता येत नव्हतं. गेलो नाही तर बालकल्याण खात्याची माणसं विचारायला घरी येतात.

मी ठरवलं होतं: रेडिओ लावायचा नाही, बाटली द्यायची नाही. चाळीस मैल मी निभावलं. मेबल रडत नव्हती, किंचाळत होती, श्वास कोंडून, आणि मग आवाजच बंद व्हायचा तो सगळ्यात वाईट. पंचेचाळिसाव्या मैलाला मी थांबले, बाटली दिली, रेडिओ लावला. आरसा मात्र वाकडा केला, म्हणजे तिचं तोंड आणि वरची जागा दोन्ही दिसतील.

बाई म्हणाली, नमस्कार, बोला. मेबल शांत झाली.

दोन्ही बाजूंना कापलेला गहू, स्वच्छ ऊन, समोर रिकामा सरळ रस्ता. भीती वाटावी असं काहीही नव्हतं. मी आरशात पाहिलं.

मेबल हसत होती. तिनं बाटली दोन्ही हातांनी धरली होती, तोंडात नव्हे, वर. हात ताणून, आपल्याला काही द्यायचं असतं तेव्हा बाळं धरतात तसे. आणि छत तिच्यापर्यंत खाली आलं होतं. बाटलीचं रबरी बूच अस्तरात रुतलं होतं. त्याभोवती कापडाला घड्या पडल्या होत्या, गोल, आवळलेल्या. बाटलीतून बुडबुडे उठत होते.

घट्. घट्. घट्. बागेच्या बाईच्या मागे.

मी गाडी कशी थांबवली ते मला आठवत नाही. मागचं दार उघडलं तेव्हा अस्तर वर, सपाट. ओलं वर्तुळ तेवढं. मेबल रिकामी बाटली हलवत होती. मी तिला बेल्टांतून ओढून काढलं, एका कुशीत घेतलं, दाराच्या उंबऱ्यावर चढले आणि टपावरचा ठोकळा पकडला.

तो निघेना. मी नखं लावली, हिसडला. नाही.

मेबल पहिले दोन महिने अंगावर प्यायची. बाळाला छातीवरून सोडवताना ओढायचं नसतं. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवायची, हवा शिरली की पकड सुटते. हे मी विचार करून केलं नाही. माझ्या हातानं केलं. ठोकळ्याच्या कडेखाली मी करंगळी घातली.

चप्.

ठोकळा माझ्या हातात आला. करंगळी ओली होती. कोमट होती. मी ती रस्त्याकडेच्या मातीत घासली, गवतात घासली, जीन्सला घासली. जिथे ठोकळा होता तिथे ॲल्युमिनियम होतं. रंग, धूळ, बाकी काही नाही. मासोळीचं चुंबक माझ्या पर्समध्ये होतं. मी ते लावून पाहिलं, कारण मी अशीच आहे. ते घसरून पडलं.

ठोकळा मी वायरीसकट उपटला आणि गव्हाच्या खुंटांत भिरकावला. उरलेले शंभरावर मैल मी एका हातानं चालवले, दुसरा हात मागे, मेबलच्या डोक्यावर.

७

आणखी सहा औंस कमी. त्यांनी ठेवून घेतलं. रात्री लोरेननं टकरला धान्याच्या ट्रकमधून आणून सोडलं आणि तो पिकअप घरी घेऊन गेला.

नळी लागली नाही. दवाखान्यात पहिल्याच दुपारी मेबल बाटलीवर तुटून पडली. माझ्या मांडीवर, माझ्या डोळ्यांदेखत, गालावरून ओघळ येईपर्यंत. चार दिवसांत अकरा औंस. डायपर जड.

"पिते की छान!" नर्स म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून हसली, जरा जास्तच वेळ.

मग गळ्यात ओळखपत्र घातलेली एक बाई आली. खुर्ची ओढून बसली. घरी वेळेवर पाजणं जमतं का, कधी विसरायला होतं का, कधी बाळाबद्दल किंवा वस्तूंबद्दल विचित्र विचार येतात का? तिच्या मांडीवर कागद होता आणि त्यावर चौकोन होते. मी त्या चौकोनांकडे बघत राहिले. एक वाक्य. छत दूध पीत होतं. तेवढं एक वाक्य आणि मेबल माझ्याबरोबर घरी आली नसती.

"नाही," मी म्हटलं. "थकवा येतो. तेवढंच."

तिनं एका चौकोनात खूण केली.

८

सोमवारी सकाळी टकर घ्यायला आला. कापणी अर्धी टाकून, दाढी करून, नवा शर्ट घालून. पार्किंगमध्ये त्यानं पिकअपकडे असा हात केला की जणू घोडाच भेट आणलाय.

"बघ! व्हर्जिलनं सगळं अस्तर फाडून काढलं. नवं घातलं. आत काहीही नव्हतं, ब्रिटा. उंदीर नाही, घरटं नाही, कोरडं फोम. आणि चकती मधोमध चिकटवलीय, तू फेकलीस तशीच नवी अँटेना तिच्यावर. आता खूश ना, मास्तरीणबाई?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हो म्हटलं.

मी मागे बसले, मेबलच्या शेजारी. नव्या कापडाचा आणि गोंदाचा वास येत होता. रेडिओ चालू झाला; पहिल्याच पुलाखाली बाई अर्ध्या शब्दात तुटली आणि पलीकडे पुन्हा आली. नेमका चालतो तसा चालत होता. तरी मी उजवा हात वर करून तळहात छताला टेकवून ठेवला. मेबलच्या वर. कोरडं, ताणलेलं, थंड.

"हात दुखेल गं," टकर आरशातून म्हणाला.

शंभर मैल काही झालं नाही. मेबल झोपली, पोट भरलेली, ओठ उघडे. मी जवळजवळ हसले स्वतःवर.

मग मला पान्हा फुटला. एकदम, दोन्ही बाजूंनी, शर्ट भिजून. तो बाळ भुकेनं रडलं की फुटतो, मेबल तर गाढ झोपली होती. आणि माझ्या तळहाताखाली कापड हललं. अगदी थोडं. बाळाच्या गालाला बोट लावलं की ते तोंड त्या बाजूला वळवतं, तसं ते वळलं. हळू, आंधळेपणानं, माझ्या मनगटाच्या दिशेनं.

मी किंचाळले नाही. समोर टकर शीळ घालत होता. शेजारी सीटमध्ये मेबल होती, तेरा पौंडांची. पिशवीत दवाखान्यात काढलेल्या दुधाच्या दोन बाटल्या होत्या. एक मेबलची. मी दुसरीचं झाकण काढलं आणि तोंड फिरवून, श्वास रोखून, ती वर धरली.

मेबल आता साडेपंधरा पौंडांची आहे. नर्स म्हणते, चार्टवर अशी रेघ बघायला मिळत नाही. लोरेन सगळ्या गावाला सांगते की सून शेवटी शिकली. पिकअप विकायचं मी एकदा बोलले होते, गिऱ्हाईकही आलं होतं, एक जोडपं, मागे बाळाची सीट घेऊन. मीच टकरला नको म्हटलं.

दर गुरुवारी पंचेचाळिसाव्या मैलाला मी थांबते. मेबलला आधी पोटभर पाजलेलं असतं. उजव्या छातीचं दूध तिचं. डाव्या बाजूची बाटली मी मागे जाऊन वर धरते आणि संपेपर्यंत खिडकीबाहेर बघते. वास अजून सोसत नाही, एक-दोनदा गवतात ओकावं लागतं. बाटली संपली की मी ती पिशवीत गुंडाळून फेकून देते. ती धुणं माझ्यानं होणार नाही.

मग माझा हात आपोआप वर जातो आणि कापडावर हलकेच थापटू लागतो. ढेकर निघाल्याशिवाय मी गाडी सुरू करत नाही.